चाळिसावं गॉज

बारा वाजून दहा मिनिटांनी ठकीला जेवणाची सुट्टी मिळाली, आणि डब्याकडे ढुंकूनही न बघता ती हॉस्पिटलच्या मागच्या दाराने बाहेर सटकली. अंगात हिरवे कपडे. साधेसुधे हिरवे नव्हेत, ऑपरेशन थिएटरचे हिरवे! ढगळ सदरा, नाडीची विजार, पोटाशी भला मोठा खिसा. डोक्यावरची टोपी तेवढी तिने काढून कपाटात टाकली होती, कारण टोपीत आपण फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या दिसतो असं तिचं स्वतःचंच मत होतं.

चूक होती का? होती. धडधडीत होती. थिएटरच्या दाराबाहेर फरशीवर चार बोटं रुंद लाल रेघ ओढलेली आहे, आणि भिंतीवर पाटी आहे: थिएटरचे कपडे लाल रेघेच्या आतच. पाटी लावली मोठ्या सिस्टरांनी. मोठ्या सिस्टर म्हणजे थिएटरच्या मुख्य नर्स. सत्तावीस वर्षं त्या दारात उभ्या आहेत, आणि त्यांच्यापुढे सर्जनसुद्धा आवाज खाली करून बोलतो. गेल्याच महिन्यात थिएटरचे दोन धट्टेकट्टे गडी हिरव्या कपड्यांत समोरच्या टपरीवर चहा ढोसताना सापडले. आज ते दोघे तळघरात सलाइनची खोकी लावतायत, आणि थिएटरचं तोंड पुन्हा दिसणार नाही असं त्यांना लेखी मिळालंय.

हे सगळं ठकीला तोंडपाठ होतं. मग गेली कशाला? अहो, एकेचाळीस वर्षांची बाई. अकरा वर्षं त्याच हॉस्पिटलात फरश्या पुसल्या. दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन, डोळ्यांना पाणी लावून अभ्यास केला, थिएटर मदतनिसाची परीक्षा दिली, आणि पहिल्या झटक्यात पास झाली. आज थिएटरातला पहिला दिवस! पास झाल्याचं वडिलांना सांगितलं तर अप्पा म्हणाले, "कागद काय, कोणीही आणतं. ते कपडे घालून माझ्यापुढे उभी राहा, मग मानीन." अप्पा शिंपी. पन्नास वर्षं मशीनवर बसलेल्या माणसाचा कागदावर विश्वास कुठून असणार? गुडघे गेल्यामुळे त्यांना दुकानाबाहेर पडवत नाही. दुकान हॉस्पिटलपासून बारा मिनिटांवर. जायला बारा, यायला बारा, मधली दहा मिनिटं अप्पांची. सुट्टी पाऊण तासाची. सगळं चोख बसत होतं.

"एकदाच," ठकी स्वतःशी म्हणाली. जगातली निम्मी लफडी याच शब्दाने सुरू होतात, पण ते तिला त्या घटकेला कोण सांगणार?

चौकातल्या सिग्नलला ती थांबली तर शेजारी दोन्ही हातांत पिशव्या घेतलेल्या एक आजीबाई. त्यांनी ठकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तोंड सोडलं.

"काय गं बाई, हेच कपडे घालून आत जाणार ना परत? इथली धूळ, धूर, लोकांच्या शिंका, सगळं नेऊन घाल पेशंटच्या पोटात! आणि आतलं आणून झटक आमच्या अंगावर!"

"अहो, जाऊ द्या," पलीकडून एक गृहस्थ म्हणाले. "जीव वाचवतात बिचारे. कपड्यांचं काय घेऊन बसलात?"

"जीव वाचवणाऱ्याला कपडे बदलायला हात नसतात होय?"

दोघांची चांगलीच जुंपली. सिग्नल सुटला तशी ठकी खाली मान घालून पलीकडे पळाली. कान तापले होते तिचे. कारण आजीबाईंचा शब्दन् शब्द खरा होता. परीक्षेत हाच प्रश्न पाच मार्कांना होता आणि ठकीला पाचपैकी पाच पडले होते.

पण पुढच्याच वळणावर किल्ल्या बनवणाऱ्या माणसाने हाक मारली, "डॉक्टर! ओ डॉक्टर! जरा हा अंगठा बघता का?" आणि खोटं कशाला बोलायचं, ठकीला ते भारी आवडलं. "मी डॉक्टर नाही हो," असं ती म्हणाली खरी, पण इतकं हळू म्हणाली की तिचं तिलाच ऐकू आलं नाही. अंगठा बघून "पाण्यात घालू नका, स्वच्छ ठेवा," असं सांगूनही टाकलं. सल्ला बरोबरच होता. एरवी याच रस्त्याने अकरा वर्षं ती ये-जा करत होती आणि कुत्रं विचारत नव्हतं. आज लोक वाट देत होते. ठकीची चाल बदलली, मान ताठ झाली, पाय जमिनीला लागेनात.

अप्पांच्या दुकानात एक गिऱ्हाईक पँट तोकडी करून घ्यायला स्टुलावर उभं होतं. अप्पांना वाकवत नाही, म्हणून गिऱ्हाइकालाच वर चढवायची पद्धत. अप्पांच्या तोंडात टाचण्या होत्या.

"अप्पा!"

अप्पांनी वळून बघितलं. एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या, उशीला टोचल्या. नुसते बघत राहिले. अप्पा बोलायचे थांबले म्हणजे समजावं की आत मोठं काहीतरी चाललंय.

"बघा," शेवटी ते गिऱ्हाइकाला म्हणाले. "माझी मुलगी. ऑपरेशनला असते."

"डॉक्टर का?"

"डॉक्टरचं काय घेऊन बसलात! ही नसेल तर डॉक्टरला दिवासुद्धा हलवता येत नाही. हो की नाही गं, ठके?"

"तसंच काहीसं," ठकी म्हणाली. अकरा वर्षांत अप्पांनी तिच्या कामाबद्दल गिऱ्हाइकाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. लाज वाटायची असं नाही, पण सांगायचं तरी काय, म्हणून गप्प बसायचे. आज म्हातारा फुलून आला होता.

मग भरलेले डोळे त्यांनी मिटले, उघडले, आणि आतला शिंपी जागा झाला. "इकडे ये. वळ. हात वर कर. कुणी शिवलाय गं हा?"

"कारखान्यात हजारांनी शिवतात, अप्पा."

"तरीच म्हटलं! खांदा तीन बोटं उतरलाय. गळ्याची पट्टी आंधळ्याने लावलीय जशी. आणि हा खिसा म्हणायचा की पोतं?" त्यांनी पोटाशी असलेल्या खिशात हात घातला. "बघा हो, कोपरापर्यंत हात जातो! अरे, खिसा म्हणजे माणसाला वस्तू सापडावी म्हणून असतो. याच्यात वस्तू गेली म्हणजे गेलीच की... हे काय? रुमाल होय? बरं झालं." आणि हाताला लागलेली पांढरी घडी काढून अप्पा आपला चष्मा पुसायला निघाले.

"अप्पा, थांबा!"

ठकी अशी किंचाळली की गिऱ्हाईक स्टुलावरून धपकन खाली बसलं. तिने ती घडी अप्पांच्या हातातून हिसकावून घेतली. पांढरं, जाळीदार, तळहाताएवढं. आणि त्याच्या मधून गेलेला एक निळा धागा.

ठकीने घडी उलगडून पुन्हा बघितली, धागा निळाच होता.

आता हा निळा धागा काय भानगड आहे ते सांगायलाच हवं. हे होतं गॉज. ऑपरेशन चालू असताना पोटात रक्त टिपायला वापरतात ते. वॉर्डातल्या साध्या गॉजमध्ये धागा नसतो, फक्त थिएटरच्या गॉजमध्ये असतो, आणि तो एक्स-रेत दिसतो. का दिसावा? तर चुकून एखादं गॉज माणसाच्या पोटातच राहिलं तर शोधता यावं म्हणून. म्हणूनच थिएटरात प्रत्येक गॉज मोजून घेतात आणि मोजून परत ठेवतात. दहाचं एक पाकीट. किती पाकिटं फोडली ते फळ्यावर लिहायचं. पोट शिवायच्या आधी सगळी गॉज, वापरलेली, न वापरलेली, चादरीवर मांडून दोघींनी मोजायची. काउंट, म्हणजे हा हिशेब, लागला तरच सुईला हात लावायचा. एक जरी कमी पडलं तरी पोट उघडंच ठेवायचं आणि शोधायचं. नुसत्या सांगण्यावर काउंट धरत नाहीत. गॉज डोळ्यांना दिसलं पाहिजे.

आज सकाळपासून चार पाकिटं फोडली होती. फळ्यावर चाळीस लिहिलं होतं, ठकीनेच, टपोऱ्या अक्षरात. चौथं पाकीट तिने टेबलाजवळच्या सिस्टरला दिलं तेव्हा एक गॉज निसटून खाली पडलं. नियम असा की पडलेलं गॉज तोंडाने सांगून वापरलेल्यांच्या भांड्यात टाकायचं. ठकीने ते उचललं, आणि त्याच क्षणी सर्जन खेकसला, "दिवा! दिवा इकडे घ्या!" दिवा हलवायला दोन्ही हात लागतात. आणि इथेच घोळ झाला. अकरा वर्षं फरशी पुसणाऱ्या बाईला एक खोड असते. जमिनीवर जे पडलेलं दिसेल ते उचलून खिशात टाकायचं. टाचणी, गुंडी, पेनाचं टोपण, केसातला चाप. हात आपोआप जातो. परीक्षेचा सगळा अभ्यास डोक्यात होता, पण हाताने कुठे अभ्यास केला होता? गॉज खिशात, हात दिव्यावर. पुढे दहा मिनिटांत सुट्टीपुरती तिची जागा सांभाळायला दुसरी मदतनीस आली. तिला सगळे ताई म्हणतात. "ताई, चार पाकिटं, चाळीस," असं सांगून ठकी हसत बाहेर पडली होती.

म्हणजे आता तिथे एकोणचाळीस गॉज होती, आणि चाळिसावं इथे, शिंप्याच्या दुकानात.

टेबलावर होता शाळेच्या बसचा ड्रायव्हर. साठीचा, गप्पिष्ट माणूस. सकाळी आत नेताना त्याने ठकीला डोळा मिचकावून म्हटलं होतं, "बाई, आत घड्याळ-बिड्याळ विसरू नका हं. रात्रभर टिकटिक ऐकू येईल मला." आणि तो गुंगीत गेल्यावर भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हृदय फार दमदार नाही यांचं. वेळेत आटपा. उगाच एक मिनिटसुद्धा वाढवू नका." पोट शिवायला घ्यायचं होतं पाऊणच्या सुमाराला. भिंतीवरच्या घड्याळात बारा एकतीस झाले होते.

"फोन!" ठकी ओरडली. "अप्पा, तुमचा फोन द्या!"

अप्पांनी फोन काढला. गुडघे दाखवायला हॉस्पिटलने दिलेलं कार्ड भिंतीवर होतं, त्यावर नंबर होता. पलीकडून गोड आवाज आला, "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा."

"महत्त्वाचा आहे तर उचला की!" अप्पा गरजले. "काय झालंय, ठके? कुणाच्या जिवावर बेतलंय का?"

"बेतेल, अप्पा! तुम्ही फोन सोडू नका. कुणी उचलला तर सांगा, थिएटरचं गॉज सापडलंय, घेऊन येतेय. मी पळते!"

"पळ!" अप्पा म्हणाले. आणि त्यांनी गिऱ्हाइकालाही ढकललं, "सरका की हो दारातून!"

ठकीने धूम ठोकली. गॉज उजव्या मुठीत, मूठ छातीशी. एकेचाळिसाव्या वर्षी, हिरव्या ढगळ विजारीत, भर दुपारी भर बाजारातून ती अशी पळाली की लोक दुकानांतून बाहेर येऊन बघायला लागले. कुणीतरी ओरडलं, "बाजूला व्हा! डॉक्टर आहेत! कुणाला तरी झटका आलाय!" आणि काय सांगावं, अख्खा रस्ता दुभंगला! हातगाड्या मागे सरल्या, पोरं आयांनी ओढून घेतली, एका माणसाने तर खांद्यावरचा गालिचा तसाच रस्त्यात टाकून वाट दिली. दोन कॉलेजकुमार काही एक न विचारता तिच्या मागून पळायला लागले. "कुठे झालंय? कुठे झालंय?" ठकीला बोलायला श्वास कुठे होता?

किल्लीवाल्याच्या वळणावर तिच्या पोटात कळ आली. बारा मिनिटांची वाट, आणि पाय भरून आलेले. तेवढ्यात पाठीमागे भलं मोठं खोकं बांधलेली एक मोटारसायकल करकचून तिच्यापुढे थांबली. पार्सल पोचवणारा होता. हेल्मेटच्या आत डोळे लकाकत होते त्याचे.

"हॉस्पिटल?"

"हो!"

"बसा!"

खोकं आणि तो, यांच्यात चार बोटांची जागा. ठकी त्यात कशी बसली ते तिलाही ठाऊक नाही. एका हाताने तिने त्याचं जाकीट धरलं, दुसऱ्यात गॉज. गाडी सुटली. अगं आई गं, काय सुटली!

"पेशंट कोण आहे?" तो वाऱ्यात ओरडला. "वाचेल ना?"

"मी डॉक्टर नाहीये हो!" या वेळी ठकी जीव खाऊन ओरडली. "मी मदतनीस आहे! माझीच चूक आहे!"

"मोठे डॉक्टर असंच बोलतात!" तो खुशीत ओरडला. "तुम्ही घट्ट धरा!"

चौकात सिग्नल लाल. ठकीने डोळे मिटले. पण चौकातल्या पोलिसाने हिरवा सदरा बघितला मात्र, शिट्टी तोंडात घालून दोन्ही हात पसरून तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. चारी बाजूंची वाहतूक थांबली. एक पार्सलची मोटारसायकल आणि मागे एक घामाघूम बाई, यांच्यासाठी बस थांबली, ट्रक थांबला, एक चकचकीत काळी मोटार थांबली. ठकीला हसू यायला लागलं आणि रडूही. एवढी मोठी लबाडी आयुष्यात कधी केली नव्हती तिने, आणि एवढं खरं कामही कधी केलं नव्हतं. ड्रायव्हरसाहेब, थांबा हं. आले, आले मी.

मागच्या दाराशी गाडी थांबली. "जा मॅडम, जा!" म्हणत त्याने दोन्ही मुठी वर केल्या. लिफ्ट कधीच वेळेवर नसते, तशी ती नव्हतीच. ठकी जिना चढली. एक मजला, दोन मजले, तीन. पायऱ्या चढताना डोकं कामाला लागलं, आणि नको तो विचार आला.

लाल रेघेला लागूनच डाव्या हाताला कपडे बदलायची खोली. तिथे धुतलेल्या हिरव्या कपड्यांची चळत असते. आत शिरायचं, हे धुळीने माखलेले कपडे बदलायचे, टोपी चढवायची, तोंडावर पाणी मारायचं. दोन मिनिटं, फार तर तीन. मग सुट्टी संपवून आल्यासारखं थिएटरात जायचं, सगळ्यांबरोबर खाली वाकायचं आणि म्हणायचं, "हे काय! इथे टेबलाखाली आहे की!" कोण विचारणार? कोण बघणार? नोकरी शाबूत, कपडे शाबूत, अप्पांचं गिऱ्हाइकाला सांगणं शाबूत. आणि खरं सांगितलं तर? तर तळघर, खोकी, आणि लेखी. दोन वर्षांचा संध्याकाळचा अभ्यास पाण्यात.

ती रेघेशी आली. समोर थिएटरचं दार, दाराला गोल काच. काचेतून सगळं दिसत होतं. चादरीवर गॉज पाचापाचांच्या ओळींत मांडलेली. टेबलाजवळची सिस्टर बोटाने मोजत होती, आणि मास्कच्या वर तिचे डोळे लाल झालेले. सर्जनचे दोन्ही हात पुन्हा पोटात. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई यंत्राकडे बघत मान हलवत होत्या. मोठ्या सिस्टर एक्स-रेचं मशीन ढकलत आणत होत्या. आणि ताई, साठीला टेकलेली ताई, टेबलाखाली गुडघ्यांवर रांगत, बॅटरी घेऊन फरशीचा कोपरान् कोपरा बघत होती. अप्पांसारखेच गुडघे तिचे.

कपड्यांच्या खोलीचं दार ठकीच्या हाताशी होतं. हात त्या दारावर गेलाही होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तिथे तीन मिनिटं जाणार होती, आणि ज्या फरशीवर ताई रांगत होती त्याच फरशीवर ठकी ते गॉज काढून दाखवणार होती. म्हणजे ताई आंधळी ठरणार. ताई कामातून गेली. आणि ड्रायव्हरचं ते दमलेलं हृदय आणखी तीन मिनिटं तसंच ताटकळणार.

"मोठ्या सिस्टर!" ठकी रेघेवरूनच ओरडली. अख्खा व्हरांडा दणाणला. "सिस्टर! चाळिसावं माझ्याकडे आहे! पोटात नाहीये! शोधू नका!"

दार उघडलं. मोठ्या सिस्टर दोन ढांगांत रेघेपर्यंत आल्या. ठकीच्या पायांवरची धूळ, गुडघ्यावर लागलेलं गाडीचं काळं, घामाने पाठीला चिकटलेला सदरा, सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं. स्टीलची थाळी पुढे केली. ठकीने मूठ उघडली, चुरगाळलेलं गॉज थाळीत टाकलं. सिस्टरांनी चिमट्याने ते उलगडलं. निळा धागा.

थाळी घेऊन त्या आत गेल्या. दार उघडंच राहिलं. ठकीला आतला आवाज ऐकू येत होता. टेबलाजवळची सिस्टर पहिल्यापासून मोजत होती, तिच्याबरोबर ताई मोजत होती. "...छत्तीस, सदतीस, अडतीस, एकोणचाळीस." "चाळीस!"

"काउंट बरोबर?" सर्जनने विचारलं.

"काउंट बरोबर," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "शिवायला घ्या."

"कसे आहेत ड्रायव्हरसाहेब?" कुणीतरी विचारलं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टिकलेत बरं का. चला, भरभर." ठकीचा जीव भांड्यात पडला. ती भिंतीला टेकली, आणि मांडी घालून खालीच बसली. तोंडाने हसू, डोळ्यांतून पाणी. वाचला! माणूस वाचला, मग आता काय व्हायचं ते होवो.

पाच मिनिटांनी मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. ठकी उठून उभी राहिली.

"कुठे होतं?"

"माझ्या खिशात, सिस्टर. खाली पडलं होतं, उचललं, सांगायचं राहिलं."

"आणि तू कुठे होतीस?"

"वडिलांच्या दुकानात. याच कपड्यांत." ठकीने एका दमात सांगून टाकलं. "त्यांना दाखवायला गेले होते. नियम माहीत होता. माहीत असून गेले."

सिस्टरांनी कपडे बदलायच्या खोलीकडे बोट केलं. "आत जाऊन कपडे बदलायचेस. मग येऊन टेबलाखाली सापडलं म्हणायचंस. मला कळलं नसतं."

"हो, सिस्टर. आलं होतं मनात."

"मग?"

"ताई टेबलाखाली बघत होत्या. नीट बघत होत्या. तिथे ते नव्हतंच की हो."

मोठ्या सिस्टरांनी काचेतून आत ताईकडे एकदा बघितलं. मग नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "पंधरा दिवस रेघेच्या आत पाऊल टाकायचं नाही. धुलाईच्या खोलीत काम. आज घरी जायच्या आधी सगळं लिहून द्यायचं, दुकानासकट. कागद तुझ्या फायलीत कायमचा राहील."

"पंधरा दिवस?" ठकीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "आणि मग तळघर?"

"मग सोळाव्या दिवशी सकाळी साडेसातला इथे. काउंट तू करायचास."

"मी? सिस्टर, ज्याने चूक केली त्यालाच..."

सिस्टरांनी इकडेतिकडे बघितलं. व्हरांड्यात कोणी नव्हतं. त्यांनी मास्क खाली ओढला, आणि ठकीने अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचा सगळा चेहरा बघितला.

"सत्तावीस वर्षांत या थिएटरात सहा वेळा काउंट चुकला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सहाही वेळा गॉज टेबलाखाली सापडलं. ज्या टेबलाखाली तीन-तीनदा बघून झालं होतं, त्याच टेबलाखाली. मी कधी कुणाला विचारलं नाही."

"का, सिस्टर?"

"कारण त्यातलं पहिलं मीच ठेवलं होतं."

एवढं बोलून त्यांनी मास्क वर चढवला, वळल्या आणि आत गेल्या. दार मिटलं. ठकी लाल रेघेच्या अलीकडे उभी होती, आणि आत सर्जन पुढच्या टाक्याला सुई मागत होता.